नदी आणि घाट

लोकसेवेत आयुष्य वेचलेल्या एखाद्या व्यक्तीचे निधन झाले की आठवड्याभरात शोकसभा भरते. तसबिरीला हार घातलेला असतो, उदबत्ती जळत असते आणि वक्ते मानाच्या क्रमाने उठून बोलतात. 'कधीही भरून न निघणारी पोकळी' हा शब्दप्रयोग अशा सभेत हमखास येतो. तो खोटेपणाने उच्चारला जातो असे नाही. दुःख खरे असते, फक्त भाषा उसनी असते. सभा संपते, सतरंज्या गुंडाळल्या जातात, माणसे पांगतात. मग त्या व्यक्तीबरोबर वीस-पंचवीस वर्षे काम केलेला एखादा सहकारी मागे उरतो आणि त्याच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो. आता हिचे स्मरण करायचे म्हणजे नेमके काय करायचे?

वरवर पाहता हा भावनेचा प्रश्न वाटतो, पण वस्तुतः तो नीतीचा प्रश्न आहे. त्याचे प्रचलित उत्तर असे की, ज्या कार्यासाठी ती व्यक्ती जगली ते कार्य पुढे चालवणे हेच तिचे खरे स्मरण होय. हे उत्तर उदात्त आहे. मात्र त्याच्या पोटात एक कठोर विधान दडलेले आहे. कार्य पुढे चालले म्हणजे स्मरणाचे ऋण फिटले असे मानले, तर ती व्यक्ती त्या कार्याचे केवळ एक साधन ठरते. साधन झिजले, दुसरे आले, इतकेच. उलट, व्यक्ती अनन्यसाधारण होती, तिच्यासारखी पुन्हा होणे नाही, असे म्हटले तर कार्याचीच वाट बंद होते. मागे राहिलेल्यांना पूजेखेरीज करण्यासारखे काही उरत नाही. पहिल्या मार्गात माणूस हरवतो, दुसऱ्यात काम हरवते. ज्या सहकाऱ्याला दोन्ही प्रिय होते त्याने कोणता मार्ग धरावा?

हा पेच जबलपूर शहरात एकदा फार स्पष्ट रूपात उभा राहिला होता. तेथील नगरपालिकेच्या आवारात लोकवर्गणीतून सुभद्राकुमारी चौहान यांचा पुतळा उभारण्यात आला आणि २७ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांची बालमैत्रीण व साहित्यातील सहप्रवासिनी महादेवी वर्मा यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. पुतळ्यावरचे वस्त्र दूर करण्यासाठी जिला बोलावले, तिनेच त्या प्रसंगी सांगितले की नद्यांना स्मारके नसतात. दिव्याची ज्योत सोन्याने मढवून काय साधणार, असा तिचा प्रश्न होता. सुभद्रेचा संदेश दूरवर नेणे आणि तो आचरणात आणणे हेच तिचे स्मारक, असा तिच्या बोलण्याचा आशय होता. अनावरणासाठी आलेल्या पाहुणीने अनावरणाचीच निरर्थकता सांगावी, ही घटना साधी नाही. त्यात पुतळ्यासाठी वर्गणी देणाऱ्यांचा अवमान नव्हता. मैत्रिणीला दगडात पाहताना मनात उमटलेली ती अस्वस्थता होती.

ती अस्वस्थता समजण्यासाठी सुभद्राकुमारींचे जीवन थोडक्यात डोळ्यांपुढे आणले पाहिजे. १६ ऑगस्ट १९०४ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, अलाहाबादजवळील निहालपूर येथे त्यांचा जन्म झाला. १९१९ मध्ये खांडव्याच्या ठाकूर लक्ष्मणसिंह चौहान यांच्याशी विवाह झाल्यावर त्या जबलपूरला आल्या आणि हेच शहर त्यांची कर्मभूमी झाले. तेव्हाचे जबलपूर मध्य प्रांतात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. हिंदी आणि मराठी या दोन भाषांचा संसार एकाच प्रशासनाच्या छपराखाली चालला होता. त्या संसाराचे उत्तम प्रतीक म्हणजे माधवराव सप्रे. मातृभाषा मराठी असलेल्या या संपादकाने लोकमान्य टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले. १९२० मध्ये जबलपुरातून निघालेल्या 'कर्मवीर' या साप्ताहिकामागेही त्यांची प्रेरणा होती. माखनलाल चतुर्वेदी त्याचे संपादक होते आणि लक्ष्मणसिंह चौहान त्या वर्तुळात वावरत होते. नवविवाहित सुभद्राकुमारींचे सार्वजनिक जीवन या वातावरणात सुरू झाले.

१९२३ च्या मार्चमध्ये जबलपूरला राष्ट्रीय झेंड्यावरून संघर्ष पेटला. नगरपालिकेच्या इमारतीवर झेंडा लावण्याचा प्रश्न हे त्याचे निमित्त होते. पंडित सुंदरलाल यांच्याबरोबर झेंडा घेऊन निघालेल्यांत सुभद्राकुमारी होत्या. हाच लढा पुढे नागपूरला गेला. जमनालाल बजाज आणि नंतर वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली तो देशभर गाजला, आणि त्या झेंडा सत्याग्रहात अटक झालेल्या पहिल्या महिला सत्याग्रही म्हणून सुभद्राकुमारींचे नाव इतिहासात नोंदले गेले. त्या वेळी त्यांचे वय एकोणीस वर्षेही पूर्ण नव्हते. पुढे १९४२ च्या आंदोलनातही त्यांनी कारावास भोगला. मधल्या काळात 'मुकुल' हा कवितासंग्रह आणि 'बिखरे मोती', 'उन्मादिनी' हे कथासंग्रह प्रसिद्ध झाले. मुले वाढवली गेली, सभा गाजल्या. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेत त्या सदस्य होत्या. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी जबलपूरच्या तिलवारा घाटावर गांधीजींच्या अस्थी नर्मदेत विसर्जित करण्यात आल्या. त्यानंतर तीनच दिवसांनी, वसंत पंचमीला, नागपूरहून मोटारीने जबलपूरला परतताना सिवनीजवळ अपघात झाला आणि सुभद्राकुमारींचे आयुष्य त्रेचाळिसाव्या वर्षी संपले. स्वातंत्र्य मिळून त्या दिवशी बरोबर सहा महिने झाले होते.

अशा जीवनाबद्दल महादेवींनी नदीची उपमा योजली, ती चपखलच होती. परंतु गोष्ट येथे संपत नाही. महादेवींच्या 'पथ के साथी' या १९५६ मधील पुस्तकात सुभद्राकुमारींवरचा लेख आहे, आणि त्यात मृत्यूविषयी दोघी मैत्रिणींमध्ये झालेले एक बोलणे नोंदलेले आहे. महादेवींना मृत्यूनंतर पाण्यात विरून जाणे प्रिय होते. सुभद्राकुमारींना मात्र पृथ्वी सोडून जाण्याची कल्पनाच सोसत नव्हती. आपली समाधी असावी, तिच्याभोवती रोज जत्रा भरावी, मुले खेळावीत, बायकांनी गाणी म्हणावीत, गलबला चालू राहावा, अशी त्यांची इच्छा होती.

या दोन इच्छा शेजारी ठेवल्या म्हणजे पेच अधिक गहिरा होतो. नदीला स्मारक नसते असे म्हणणारी मैत्रीण स्वतःच्या स्वभावाप्रमाणे बोलत होती. जिच्याविषयी ती बोलत होती तिचा स्वभाव निराळा होता. तिला स्मारक हवे होते. फक्त ते पाहण्याचे नव्हे, भोवती खेळण्याचे हवे होते. मृताचे स्मरण करताना आपल्या मनातली मृत्यूची कल्पना त्याच्यावर लादण्याचा मोह किती सूक्ष्म असतो, याचे हे उदाहरण आहे. आणि महादेवींची थोरवी अशी की, आपल्या मताच्या विरुद्ध जाणारी ही इच्छा त्यांनी दडवली नाही. लिहून ठेवली. सहकाऱ्याच्या स्मरणाची पहिली नैतिक कसोटी येथे हाती लागते. आपल्या कल्पनेत न बसणारी मृताची बाजूही जपून ठेवणे, ही ती कसोटी होय.

निष्काम सेवा करणाऱ्या व्यक्तीला स्मरणाची अपेक्षा तरी असावी काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल. फळाची आशा न धरता कर्म करणाऱ्याने आपल्या समाधीभोवतीच्या जत्रेची इच्छा धरणे हा आशेचाच एक प्रकार नव्हे काय? 'गीतारहस्या'त टिळकांनी ज्या लोकसंग्रहाच्या कल्पनेवर भर दिला, ती या आक्षेपाला उत्तर देते. ज्ञानी पुरुषाने कर्म का सोडू नये, तर लोक त्याच्याकडे पाहून वागतात म्हणून. थोरांच्या आचरणाचे अनुकरण हा समाजधारणेचा एक आधार आहे. असे असेल तर आचरण दिसत राहणे आवश्यक आहे, आणि माणूस गेल्यावर ते स्मरणाखेरीज दिसणार कशात? तेव्हा स्मरण हे सेवकाला दिलेले वेतन नव्हे. मागून येणाऱ्यांना दिलेला तो वाटाड्या आहे. सुभद्राकुमारींच्या इच्छेत कीर्तीची हाव शोधणाऱ्याला त्या जत्रेत स्वतः सुभद्राकुमारी कोठेच नाहीत हे दिसत नाही. तेथे मुले आहेत, बायका आहेत, त्यांचा गलबला आहे.

परंतु अनुकरण नेमके कशाचे करायचे? मूळ पेच अजून तसाच आहे. महाराष्ट्रातील एक उदाहरण त्यावर प्रकाश टाकते. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्या सहकार्याने १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला आणि १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासींच्या वस्तीजवळ गेले. १९७३ मध्ये ताराबाईंचे निधन झाल्यावर अनुताईंनी आपल्या अखेरीपर्यंत, म्हणजे १९९२ पर्यंत, त्या कामाचा भार वाहिला. कार्य पुढे चालवणे हेच स्मरण, या विधानाला याहून चांगला दाखला मिळणे कठीण आहे.

तथापि अनुताईंनी पुढे नेले ते केवळ काम नव्हते. बालवाड्या सरकारही काढते आणि पगारी शिक्षिकाही चालवतात. मूल अंगणवाडीत येत नसेल तर अंगणवाडीने मुलाच्या अंगणात जावे, गुरे राखणाऱ्या मुलासाठी शाळेने कुरणात जावे, शिकवण्याची साधने बाजारातून न आणता बिया, शंखशिंपले, पाने यांतून घडवावीत, ही जी रीत कोसबाडला सिद्ध झाली ती अनुताईंनी पुढे नेली. काम म्हणजे काय करायचे ते, आणि रीत म्हणजे ते कसे करायचे ते. हा भेद ध्यानात आला की पेच सुटू लागतो. कामाचे स्थान कोणीही भरू शकते. विधानसभेतील रिकामी जागा पोटनिवडणुकीत भरते, संस्थेचे चिटणीसपद पुढच्या बैठकीत भरते. 'कधीही न भरणारी पोकळी' त्या अर्थाने चारसहा महिन्यांत भरून निघते, आणि निघालीच पाहिजे. रीत मात्र व्यक्तीच्या हाताला चिकटलेली असते. त्या हाताशेजारी ज्याने हात घातलेला असतो, त्यालाच ती ठाऊक असते. म्हणून रीतीचे स्मरण केले की व्यक्ती हरवत नाही आणि कामही खोळंबत नाही.

सहकाऱ्याचे स्मरण इतर स्मरणांहून वेगळे ठरते ते येथेच. कुटुंबाला माणूस हवा असतो. अनुयायाला मूर्ती हवी असते. इतिहासकाराला घटना आणि तारखा हव्या असतात. सहकाऱ्याने पाहिलेली असते ती कामाच्या घाईतली, थकलेली, चिडलेली, हसणारी व्यक्ती. आणि ती हाती येते केवळ तपशिलांतून. 'त्यागमूर्ती', 'सेवाव्रती' अशी विशेषणे रीत सांगू शकत नाहीत. एका त्यागमूर्तीला लावलेले विशेषण दुसरीला जसेच्या तसे लावता येते. तपशिलांची तशी अदलाबदल करता येत नाही.

महादेवींच्या लेखातील तपशील या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. तुरुंगात जाताना सुभद्राकुमारींना लोक इतके हार घालत की कोठडीत त्या हारांचीच उशी करून त्या निजत आणि पुष्पशय्येचे सुख भोगत. सत्काराचे इतके नेमके मूल्यमापन एखाद्या प्रबंधातही सापडणार नाही. हार नाकारण्याचा अहंकार त्यात नाही आणि हार मिरवण्याचा सोसही नाही. मिळाला तो घेतला आणि डोक्याखाली घातला. लोकांच्या प्रेमाचे काय करायचे, हा सार्वजनिक जीवनातल्या प्रत्येकाला पडणारा प्रश्न येथे हसतहसत सुटला आहे.

दुसरा तपशील मुलीच्या विवाहाचा. कन्यादानाची वेळ आली तेव्हा सुभद्राकुमारींनी ते करण्यास नकार दिला. माणसाने माणसाचे दान करावे हा अधिकार कोणाला आहे, आणि लग्न झाल्यावर माझी मुलगी माझी राहणार नाही काय, असा त्यांचा सवाल होता. सभेत समतेची भाषा बोलणारे पुष्कळ असतात. ती भाषा स्वतःच्या मांडवात, सोयऱ्याधायऱ्यांच्या देखत बोलणे अवघड असते. सार्वजनिक आणि खाजगी यांच्यामध्ये भिंत न बांधणे ही त्यांची रीत होती, आणि या एका नकारात ती पूर्णपणे दिसते.

तिसरा तपशील सर्वांत लहान आणि सर्वांत जड आहे. तुरुंगात लहानगी मुलगी बरोबर होती. ती भुकेने रडू लागली आणि तिला द्यायला जवळ काही नव्हते. तेव्हा तेथे तूर भरडण्याचे काम करणाऱ्या बंदी स्त्रियांकडून सुभद्राकुमारींनी थोडीशी डाळ मागून घेतली, ती तव्यावर भाजली आणि मुलीला खाऊ घातली.

या प्रसंगाचे काय करायचे, हा स्मरणाच्या नीतीतला अवघड भाग आहे. शोकसभेचा वक्ता त्याला 'त्याग' म्हणून पुढे सरकेल. 'त्याग' या शब्दाची एक अडचण अशी की तो उच्चारला की चौकशी थांबते. कोणी कशाचा त्याग केला, त्याची किंमत कोणी मोजली, हे विचारणे मग असभ्य ठरते. वस्तुस्थिती अशी की येथे भूक आईने निवडलेली होती, मुलीने निवडलेली नव्हती. लोकसेवेला वाहिलेल्या प्रत्येक आयुष्याच्या मागे असे कोणीतरी असते, ज्याने ते व्रत घेतलेले नसते पण ज्याला ते पाळावे लागते. वृद्ध आईवडील, वाट पाहणारी मुले, घरखर्चाचा मेळ घालणारा जोडीदार. व्यक्तीचे गुणगान करताना या मंडळींचा हिशेब पुसला जातो. मग पुढच्या पिढीला सेवा एकतर स्वस्त वाटते, नाहीतर अमानुष वाटते.

यावर असेही म्हटले जाईल की नुकत्याच गेलेल्या माणसाबद्दल असा हिशेब मांडणे निष्ठुरपणाचे आहे. हिशेब न्यायाधीशाच्या खुर्चीवरून मांडला तर तो निष्ठुर होईलच. महादेवींनी तो तसा मांडलेला नाही. त्यांनी आईला दोष दिला नाही आणि मुलीची भूकही लपवली नाही. डाळ होती तेवढीच सांगितली. प्रेम आणि सत्य यांची सांगड घालण्याचा हाच मार्ग असावा. निर्णय न देता संपूर्ण सांगणे.

त्या मूठभर डाळीत आणखीही एक गोष्ट आहे. ती देणाऱ्या स्त्रिया राजबंदी नव्हत्या. त्या कोण होत्या, कोणत्या गुन्ह्यासाठी आत होत्या, त्यांची नावे काय, हे इतिहासात कोठेही नाही. नेमून दिलेल्या कामातून त्यांनी मूठभर डाळ काढून दिली. लोकांची सेवा करायला निघालेल्या स्त्रीच्या लेकराला, सर्वांत खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या लोकांनी त्या दिवशी जेवू घातले. सेवक देणारा आणि लोक घेणारे, ही जी समजूत सेवेच्या भाषेत मुरलेली असते, ती या प्रसंगात उलटी होते. सहकारी मैत्रिणीने तो तपशील जपला नसता तर त्या अनाम बायकाही नाहीशा झाल्या असत्या. एका व्यक्तीचे खरेपणाने केलेले स्मरण अनेकांना असे आपल्याबरोबर वाचवते.

सुभद्राकुमारी स्वतःही स्मरण करणाऱ्यांपैकी होत्या. 'झाँसी की रानी' ही त्यांची कविता उत्तर भारतातल्या शाळाशाळांतून घुमली. तीत ही कहाणी बुंदेलखंडातील हरबोल्यांच्या तोंडून ऐकल्याची कबुली त्या पुन्हा पुन्हा देतात. दारोदार गात फिरणाऱ्या त्या अनाम गायकांचे ऋण त्यांनी ध्रुपदातच बांधून टाकले. त्याच राणीचे स्मरण मराठीनेही आपल्या परीने केले होते. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८९४ मध्ये तिचे चरित्र सिद्ध केले. वरसईचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुकीसाठी उत्तरेत गेले असताना झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्य यांच्या संपादनाखाली १९०७ मध्ये प्रकाशात आला. काल्पीच्या वाटेवर धुळीने माखलेली, पठाणी पोशाखातली राणी विहिरीवर पाणी पिण्यास थांबते. गोडसेभटजी दोर सावरून पाणी काढू लागतात, तेव्हा तुम्ही विद्वान ब्राह्मण, मजसाठी श्रम करू नका, अशा अर्थाचे बोलून ती स्वतःच पाणी शेंदते. कवितेतली राणी रणांगणावर झळकते. गोडसेभटजींची राणी थकलेली आहे. पहिलीने पिढ्यांना स्फुरण दिले आणि दुसरीने त्या स्फुरणाला माणसाचा देह दिला. दोन्ही स्मरणे लागतात. पण दुसरे नसते तर पहिले हळूहळू पोकळ होत गेले असते.

सुभद्राकुमारींच्या वाट्याला पहिल्या प्रकारचे स्मरण भरपूर आले. १९७६ मध्ये त्यांच्या गौरवार्थ टपाल तिकीट निघाले. २००६ मध्ये तटरक्षक दलाच्या एका गस्ती नौकेला त्यांचे नाव देण्यात आले. पाठ्यपुस्तकांत त्यांची कविता आहे. यांतील कशालाही कमी लेखण्याचे कारण नाही. राष्ट्राला व्यक्ती ओळखता येत नाहीत, नावेच ओळखता येतात. आणि नाव टिकले तर कोणीतरी विद्यार्थी पुढे त्या नावामागची व्यक्ती शोधत येतो. मात्र नावाला एक खोड असते. ते सुटे होते. तिकिटावर, जहाजावर, चौकाच्या पाटीवर ते हारांच्या उशीवाचून, भाजलेल्या डाळीवाचून वावरू लागते. मग त्या नावाचा कोणालाच धाक वाटत नाही. ज्या व्यक्तीसमोर खोटे बोलणे कठीण गेले असते, तिच्या पुतळ्यासमोर सहज खोटे बोलता येते.

सहकाऱ्याला तसे ते बोलता येत नाही. स्मरणाचे त्याच्यावरील बंधन हेच. संस्थेच्या बैठकीत एखादा सोयीचा निर्णय घेतला जात असता, ती असती तर काय म्हणाली असती, हा विचार ज्याच्या मनात येतो त्याच्यापुरती ती व्यक्ती अजून कामावर आहे. अर्थात हा विचारही धोक्यापासून मुक्त नाही. मृताच्या तोंडी आपले मत घालून जिवंतांची तोंडे बंद करण्याची युक्ती सार्वजनिक संस्थांना चांगली अवगत असते. दिवंगत नेत्याचे नाव घेऊन किती नवे प्रयत्न खुडले गेले, याची गणती होणार नाही. यावरही उपाय तपशील हाच आहे. विशेषणांनी बनलेली मूर्ती कोणाच्याही बाजूने बोलवून घेता येते. तपशिलांनी बनलेली व्यक्ती सहसा वश होत नाही. मुलीचे दान करण्यास नकार देणाऱ्या स्त्रीला परंपरेच्या नावाने साक्षीला उभे करणे कठीण जाते.

जबलपूरजवळून नर्मदा वाहते. ग्वारीघाट, तिलवारा घाट, लम्हेटा घाट अशी तिच्या काठावरची नावे शहराच्या रोजच्या बोलण्यात आहेत. नदीला स्मारक नसते हे महादेवींचे म्हणणे त्या काठावर उभे राहून पाहिले तर खरेच वाटते. वाहत्या पाण्याला चबुतरा कसा बांधणार? परंतु त्याच काठावर आणखी एक गोष्ट दिसते. नदीला स्मारक नसले तरी घाट असतात. याच नर्मदेवर, बरेच खाली पश्चिमेला, महेश्वर येथे अहिल्याबाई होळकरांनी बांधवलेले घाट आहेत. त्यांचे नाव आजही माणसे घेतात ती पायऱ्या उतरता उतरता. घाट नदीचे गुणगान करत नाही. तिला अडवत नाही, आणि तिच्या जागी स्वतःची पूजा करून घेत नाही. म्हातारीला, लहान मुलाला, परगावच्या वाटसरूला पाय न घसरता पाण्यापर्यंत पोचता यावे एवढीच त्याची कामगिरी. आणि घाटावर सुभद्राकुमारींना हवे होते ते सगळे असते. मुले खेळतात, बायका गातात, सणावाराला जत्रा भरते. पाण्यात विरून जाण्याची महादेवींची इच्छा आणि गलबल्यात राहण्याची सुभद्राकुमारींची इच्छा एकमेकींपासून फार लांब नव्हत्या. त्यांच्यामध्ये काही पायऱ्यांचेच अंतर होते.

लोकसेवेत आयुष्य घालवलेल्या सहकारिणीचे स्मरण या अर्थाने घाट बांधण्यासारखे असावे. त्याचा एकेक चिरा म्हणजे एकेक खरा तपशील. ती काय करीत असे याबरोबर कसे करीत असे. काय दिले याबरोबर कोणाकडून काय घेतले. कोणी किंमत मोजली, कोठे चुकली, कशाला हसली. असे स्मरण नव्या कार्यकर्त्याला पाण्यापर्यंत आणून सोडते. पुढे त्याने ओंजळ भरावी की पोहावे, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

घाटाचे काम एकदाच करून भागत नाही. प्रत्येक पुरात गाळ साचतो, खालच्या पायऱ्या निखळतात, आणि पावसाळा ओसरला की कोणीतरी गाळ उपसून चिरे पुन्हा बसवावे लागतात. स्मरणाचेही तसेच आहे. वर्षश्राद्धाच्या भाषणांचा गाळ बसत जातो आणि खालच्या, पाण्याजवळच्या पायऱ्या आधी बुजतात. जे अजून हयात आहेत, ज्यांनी शेजारी बसून काम केले आहे, त्यांनी त्या बुजण्याआधी साफ केल्या पाहिजेत. जबलपूरच्या त्या पुतळ्याला पाऊस आणि ऊन सोसत पाऊणशेहून अधिक वर्षे झाली. त्याचे अनावरण करणाऱ्या मैत्रिणीने आणखी सात वर्षांनी, पुस्तकाच्या पानांतून, भुकेल्या मुलीसाठी भाजलेली ती मूठभर डाळ वाचकाच्या हाती ठेवली.